मदत हवी आहे: सॅन मटेओ काउंटीतल्या राजकारण्यांच्या कबरींची यादी कशी पडताळायची?

शिलालेख (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ काउंटीत, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या लगेच दक्षिणेला पॅसिफिकच्या काठाने पसरलेल्या भागात, ज्या राजकारण्यांचं दफन झालंय त्यांची मराठीत यादी करतोय. निकष तीनच ठेवलेत: राज्याचे गव्हर्नर, अमेरिकी काँग्रेसचे सदस्य (दोन्ही सभागृहांचे) आणि सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर. नाव, पद, मृत्यूची तारीख, दफनभूमी आणि दफनाचा प्रकार असे रकाने आहेत. बे एरियातल्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारी ही ठिकाणं प्रत्यक्ष बघता यावीत, हा हेतू.

अडलंय ते असं. सिनेटर डेव्हिड ब्रॉडरिक यांची जागा एके ठिकाणी लोन माउंटन, दुसरीकडे लॉरेल हिल आणि तिसरीकडे सायप्रस लॉन अशी दिली आहे. सिनेटर जॉर्ज हर्स्ट १८९१ मध्ये गेले, पण त्यांची जागा १८९२ च्या दफनभूमीत दाखवतात. ‘होली क्रॉस’ नावाच्या दफनभूमी एकापेक्षा जास्त दिसतात. लिलँड स्टॅनफर्ड यांना यादीत घ्यायचं की नाही? आणि काँग्रेस सदस्य लिओ रायन यांची कबर हजारो एकसारख्या दगडांतून शोधायची कशी?

कोल्माकर

चांगलं काम हाती घेतलंय. पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून ते आधी घेतो.

सॅन फ्रान्सिस्को शहराने १९०१ पासून हद्दीत नवी दफनं बंद केली. पुढे शहरातल्या जुन्या दफनभूमीही हलवायचं ठरलं, लॉरेल हिल आणि कॅल्व्हरी या दोन मोठ्या दफनभूमींचा निकाल १९३७ च्या मतदानाने लागला आणि तिथले अवशेष उकरून दक्षिणेला कोल्मात नेले गेले. कोल्माची वस्ती जेमतेम दीड हजाराची, आणि तिथे पुरलेल्यांचा अंदाज दहा लाखांच्या पुढे जातो. तुमच्या यादीतली बहुतेक नावं या एका छोट्या गावातच निघतील. १८८७ च्या आधी वारलेल्या माणसाची कोल्मातली जागा ही त्याची पहिली जागा जवळजवळ कधीच नसते, हे धरूनच चालायचं.

पडताळणीची पहिली पायरी त्यामुळे अगदी साधी आहे: मृत्यूचं वर्ष आणि दफनभूमीचं स्थापनावर्ष शेजारी लिहा. होली क्रॉस १८८७, होम ऑफ पीस १८८९, सायप्रस लॉन १८९२. मृत्यू आधीचा असेल तर त्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा आलाच पाहिजे. हर्स्ट यांचं उत्तर यातच आहे. ते फेब्रुवारी १८९१ मध्ये वॉशिंग्टनला वारले तेव्हा सायप्रस लॉन अस्तित्वातच नव्हतं, त्यांना तिथे नंतर आणलं. त्याच कुटुंबाच्या मॉसोलियममध्ये (दफनगृहात) मुलगा विल्यम रँडॉल्फ हर्स्टही आहे. तो तुमच्या निकषात बसतो, पण न्यूयॉर्कचा काँग्रेस सदस्य म्हणून (१९०३ ते १९०७). फक्त ‘कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी’ अशी चाळणी लावली की असली नावं गळतात. होली क्रॉसमधले जेम्स फेअरही तसेच, ते सिनेटर होते नेवाडाचे.

ब्रॉडरिक यांची तिन्ही नोंदवलेली ठिकाणं बरोबर आहेत. न्यायाधीश डेव्हिड टेरी यांच्याशी १३ सप्टेंबर १८५९ रोजी लेक मर्सेडजवळ पिस्तुलांचं द्वंद्व झालं, १६ तारखेला ब्रॉडरिक गेले. दफन झालं लोन माउंटन दफनभूमीत. तिचंच नाव १८६७ मध्ये लॉरेल हिल झालं. १९४२ मध्ये अवशेष सायप्रस लॉनला नेले. जुन्या चरित्रकोशांतली नोंद १९४२ पूर्वी छापलेली, एवढाच घोळ. तुमच्या रकान्यात तिन्ही नावं वर्षांसकट लिहा, एकच ठेवून बाकीची खोडू नका. ज्याला जुनी वर्तमानपत्रं चाळायची आहेत त्याला जुनं नावच लागतं.

यातली एक अडचण आधीच सांगतो. लॉरेल हिलहून आलेले सुमारे ३५ हजार अवशेष सायप्रस लॉनमध्ये एका मोठ्या हिरवळीच्या टेकाडाखाली तळघरांत ठेवले आहेत, वर वेगवेगळे दगड नाहीत. ज्यांच्या वारसांनी स्वखर्चाने वेगळी जागा घेतली त्यांनाच वेगळी जागा मिळाली. म्हणून लॉरेल हिलहून आलेल्या प्रत्येक नावासाठी कार्यालयात थेट विचारा: स्वतंत्र लॉट आहे की टेकाड? टेकाड असेल तर ‘दफनाचा प्रकार’ रकान्यात ‘सामूहिक’ लिहा. वारसांनी न नेलेले जुने दगड सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राच्या बांधाला आणि ब्यूना व्हिस्टा पार्कच्या पावसाळी गटारांना वापरले गेले. तिथे एखादं अक्षर कोरलेलं दिसलं तर ती कबर समजू नका.

दफ्तरवाचक

वरच्या उत्तराला जोडून उरलेले तीन प्रश्न.

होली क्रॉस: याच काउंटीत दोन आहेत, एक कोल्मात आणि एक मेनलो पार्कमध्ये. शिवाय लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटीला तिसरी, तिथे सिनेमातली मंडळी जास्त. नुसतं ‘होली क्रॉस, कॅलिफोर्निया’ लिहिलेली नोंद वापरण्यासारखी नसते, गाव लिहायलाच हवं. तुमच्या निकषातले जेम्स फेलन (महापौर १८९७ ते १९०२, नंतर सिनेटर, मृत्यू १९३०), पॅट ब्राउन (गव्हर्नर १९५९ ते १९६७, मृत्यू १९९६) आणि जॉर्ज मॉस्कोनी (महापौर, २७ नोव्हेंबर १९७८ रोजी सिटी हॉलमध्येच हत्या) हे तिघेही कोल्माच्या होली क्रॉसमध्ये आहेत.

स्टॅनफर्ड: नाही घ्यायचे. ते गव्हर्नर होते आणि सिनेटरही होते, पण त्यांचं मॉसोलियम विद्यापीठाच्या आवारात आहे आणि ती जागा सांता क्लारा काउंटीत येते. पालो आल्टोतलं अल्टा मेसाही सांता क्लारातच. दोन्ही ठिकाणं मेनलो पार्कपासून इतकी जवळ आहेत की लोक सर्रास सॅन मटेओत धरतात. टपालाच्या पत्त्यावर विसंबू नका. काउंटीच्या नकाशावर जागेचे अक्षांश-रेखांश टाकून सीमारेषा बघा. उत्तरेकडेही हीच काळजी: प्रेसिडिओतली राष्ट्रीय दफनभूमी सॅन फ्रान्सिस्को काउंटीत आहे, सॅन ब्रुनोची गोल्डन गेट राष्ट्रीय दफनभूमी सॅन मटेओत. दोन्हींची नावं एकमेकांच्या जागी लिहिलेली मी नेहमी बघतो.

उलट बाजूही तपासा. इथून निवडून आलेला माणूस इथेच पुरलेला असतो असं नाही. टॉम लँटोस यांनी १९८१ पासून २००८ पर्यंत या भागाचं प्रतिनिधित्व केलं, त्यांची कबर मात्र वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत आहे.

लिओ रायन: १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयानातल्या पोर्ट कैतुमाच्या धावपट्टीवर त्यांना गोळ्या घातल्या. ते गोल्डन गेट राष्ट्रीय दफनभूमीत आहेत, पण काँग्रेस सदस्य म्हणून नव्हे. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते, तिथला हक्क त्यामुळे. दगडावर राजकीय पद मोठ्या अक्षरांत असेल या समजुतीने शोधलंत तर समोरून निघून जाल.

शोधायची रीत अशी: अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याचा कबरशोधक संकेतस्थळावर मोफत आहे. आडनाव, नाव आणि मृत्यूचं वर्ष भरा, दफनभूमीच्या यादीतून गोल्डन गेट निवडा. नावाने भरपूर निकाल येतात, म्हणून जन्मतारीख (५ मे १९२५) जुळवा. उत्तरात सेक्शन आणि कबरीचा क्रमांक मिळतो. तो कागदावर लिहून घ्या आणि आत गेल्यावर नकाशावर आधी सेक्शन शोधा, मग ओळीतले क्रमांक कुठल्या दिशेने वाढतात ते दोन-तीन दगडांवरून ठरवा. दिशा न बघता चालायला लागलं की अख्खी ओळ परत फिरावी लागते.

याच शोधकात खासगी दफनभूमींतल्याही काही नोंदी येतात, पण सरकारी दगड बसवलेल्या आणि साधारण १९९७ नंतरच्या. ‘शोधकात नाही म्हणजे सैन्यात नव्हता’ असा निष्कर्ष काढू नका.

पाटीदगड

फोटोंबद्दल लिहितो, कारण यादी विश्वासार्ह होते ती फोटोंनी.

राष्ट्रीय दफनभूमीतला उभा संगमरवरी दगड सुमारे १०७ सेंटीमीटर लांब, ३३ रुंद आणि १० जाड असतो, वजन शंभर किलोच्या वर. बराचसा भाग जमिनीत गाडलेला, त्यामुळे अक्षरं गुडघ्याच्या उंचीला येतात. उभ्याने वरून फोटो काढला की ओळी तिरक्या होतात. खाली बसा, कॅमेरा दगडाच्या मध्यावर धरा. पांढऱ्या संगमरवरावर समोरून ऊन आलं की कोरलेली अक्षरं पुसट होतात. ऊन बाजूने घासून जाईल अशी वेळ धरा, नाहीतर सोबतच्या माणसाला पांढरा पुठ्ठा किंवा आरसा बाजूला धरायला सांगून प्रकाश तिरका पाडा. फरक डोळ्यांना लगेच दिसतो: सपाट वाटणाऱ्या दगडात प्रत्येक अक्षराची एक कड काळी होते आणि नाव उठून येतं. मागची बाजूही टिपा, पती किंवा पत्नीचं नाव पुष्कळदा तिथे असतं.

दगड वाचण्यासाठी खडू, पीठ किंवा दाढीचा फेस लावायचा सल्ला जुन्या पानांवर सापडतो. कृपा करून तो पाळू नका. फेसातली रसायनं संगमरवराच्या छिद्रांत बसतात, खडूचा रंग उतरत नाही आणि घासताना पृष्ठभाग जातो. साधं पाणी शिंपडा, तेवढं पुरतं.

मॉसोलियमचं वेगळं असतं. हर्स्ट किंवा फेलन यांच्यासारख्या कुटुंबांच्या दफनगृहाचं दार बंद, बाहेर फक्त आडनाव. आत कोण कोण आहे हे दारावरून सिद्ध होत नाही, त्यासाठी दफनभूमीच्या कार्यालयाची नोंदच हवी. फोन करताना पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि ‘सेक्शन, लॉट, क्रमांक’ एवढंच मागा. ‘तुमच्याकडे कोण कोण राजकारणी आहेत?’ या प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही, एका नावाला देतात. खासगी दफनभूमीत फोटोआधी परवानगी विचारून घ्या आणि कुठे अंत्यविधी चालू असेल तर त्या सेक्शनला सरळ वळसा घाला.

शिलालेख (धागाकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. अजून दोन गोष्टी. मॉस्कोनी यांच्यासोबत मारले गेलेले हार्वी मिल्क आणि दोघांचा मारेकरी डॅन व्हाइट यांचंही विचारलं जाईल, त्यांचं काय करायचं? आणि जेम्स रॉल्फ यांच्या दफनाच्या गावाचं नाव काही जुन्या कागदांत ‘लॉनडेल’ आहे, ते वेगळं गाव का?

दफ्तरवाचक

मिल्क आणि व्हाइट हे दोघंही शहराच्या सुपरवायझर मंडळावर (म्हणजे नगरसेवकांसारखे) होते, त्यामुळे तुमच्या तीन निकषांत बसत नाहीत. निकष मोडू नका, तळटीप द्या. मिल्क यांच्या रक्षेचं विसर्जन झालं, काउंटीत त्यांची कबर नाही. व्हाइट १९८५ मध्ये वारला आणि लष्करी सेवेमुळे गोल्डन गेट राष्ट्रीय दफनभूमीतच आहे, म्हणजे रायन यांच्याच आवारात. तळटीपेत विशेषणं नकोत, तारीख आणि जागा पुरे.

हायरम जॉन्सन (गव्हर्नर १९११ ते १९१७, मग १९४५ पर्यंत सिनेटर) सायप्रस लॉनमध्ये आहेत, त्यांच्यापुढे मात्र मराठी वाचकासाठी एक ओळ जरूर लिहा. अमेरिकी नागरिकत्व मिळू न शकणाऱ्या परक्यांना शेतजमिनीची मालकी नाकारणारा १९१३ चा कायदा त्यांच्याच सहीचा. रोख जपान्यांवर होता, पण हिंदी लोक नागरिकत्वाला अपात्र ठरवणाऱ्या १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालानंतर हिंदी शेतकरीही त्यात सापडले. आणि त्याच १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या गदर चळवळीचं काम उभं राहिलं, ज्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. फेलन यांनी १९२० ची निवडणूक ‘कॅलिफोर्निया गोऱ्यांचंच ठेवा’ या घोषणेवर लढवली आणि ते हरले. हे लोक आपल्या माणसांच्या आयुष्याला असे भिडलेले आहेत, नुसत्या पदांच्या रकान्यात ते दिसणार नाही.

कोल्माकर

लॉनडेल म्हणजेच कोल्मा. १९२४ मध्ये गावाची स्थापना त्या नावाने झाली, १९४१ मध्ये कोल्मा झालं. रॉल्फ (महापौर १९१२ ते १९३१, नंतर गव्हर्नर) जून १९३४ मध्ये वारले, म्हणून त्या काळच्या कागदांत लॉनडेल. दफनभूमी ग्रीनलॉन. १९२४ ते १९४१ मधल्या सगळ्या नोंदींसाठी दोन्ही नावांनी शोध घ्या. दक्षिण कॅलिफोर्नियातही एक लॉनडेल आहे, शोधयंत्र तिकडे नेईल.

यादीत दोन नावं अजून हवीत: काँग्रेस सदस्य ज्युलियस कान (मृत्यू १९२४) आणि त्यांच्या जागी निवडून गेलेल्या पत्नी फ्लोरेन्स प्रॅग कान, काँग्रेसमधल्या पहिल्या ज्यू महिला. दोघंही होम ऑफ पीसमध्ये. ही ज्यू दफनभूमी आहे, तेव्हा तिथे शनिवारी जाऊ नका. दगडावर ठेवलेले लहान खडे ही भेट दिल्याची खूण असते, फोटोसाठीसुद्धा ते हलवायचे नाहीत. रविवार धरलात तर कोल्मा बार्ट स्टेशनवरून एल कमिनो रिआल रस्त्याने सगळं एका ओळीत होतं. सायप्रस लॉन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे, हर्स्ट पूर्वेकडच्या भागात. सॅन ब्रुनो मात्र वेगळं ठेवा, तिथे स्नीथ लेनवरच्या फाटकापासून आत चालणं बरंच आहे. आणि कार्यालयांना फोन शुक्रवारच्या आत करा, रविवारी नोंदी बघणारं कुणी भेटेलच असं नाही.