काढलेली दाढ दुखते तेव्हा (अनुभव धागा)

आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणात एक काडेपेटी आहे. तिच्यात माझ्या दोन दाढा आहेत. कीड दोघींनाही नव्हती. एकीचं रूट कॅनाल झालेलं, तेही 'दुखतंय ना, मग करून टाकू' म्हणून. दुखणं होतं तिथंच राहिलं, दाढा तेवढ्या काडेपेटीत गेल्या.

मी अमळनेरची, शाळेत शिकवते, वय ४७. सहा वर्षांपूर्वी डावीकडे वरच्या बाजूला ठणका सुरू झाला. शॉक नाही, कळ नाही. कुणीतरी हिरडीत अंगठा दाबून बसलंय असं जडशीळ दुखणं, सकाळी चूळ भरल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत. झोपेत दुखायचं नाही. हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. एक्स-रे स्वच्छ. मग रूट कॅनाल, मग कॅप, मग 'काढूनच टाका मॅडम, मोकळ्या व्हाल'. मोकळी झाले, आठ दिवस. नवव्या दिवशी शेजारची दाढ दुखू लागली. ती काढल्यावर ठणका पुढच्या दातात आला.

तिसऱ्या वेळी मीच हट्ट धरून नाशिकला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पक्कड हातात घेतलीच नाही. हिरडीत भुलीचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटं बसवून ठेवलं. ओठ सुजल्यासारखा जड, हिरडीला टोचलेलं कळेना. "आता ठणका आहे?" होता. तसाच होता. बाई म्हणाल्या, "दात बधिर झालाय, तरी दुखतंय. मग मी काढू काय?" मी खुर्चीतच रडले. दुखण्यामुळे नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहिली होती.

आपल्याकडे चेहरा दुखतो म्हटलं की पहिली चौकशी 'दाढ काढली का नाही?' अशी होते. म्हणून हा धागा. ज्यांचं दुखणं एक्स-रेत दिसत नाही, त्यांनी लिहा. घरच्यांनीही लिहा. दवाखान्यांची आणि डॉक्टरांची नावं नकोत, आणि कुणाचा डोस वाचून कुणी गोळी सुरू करू नका.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त, वय ६३

मे महिन्यात भुसावळच्या ४५ डिग्रीत गालाला मफलर गुंडाळून फिरणारा म्हातारा तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. लोकांना वाटायचं, उन्हाने डोकं फिरलं. घरात कूलर लावला की मी स्वयंपाकघरात जाऊन बसायचो, कारण त्याचा झोत उजव्या गालावर आला की खेळ संपला. ओव्हरहेड वायरला हात लागावा तसा झटका, नाकाच्या बाजूपासून वरच्या दातांपर्यंत. दोन-चार सेकंद. मग सगळं शांत. मग पुन्हा. मधल्या वेळात मी अगदी ठणठणीत, त्यामुळे बघणाऱ्याला नाटक वाटायचं.

उजव्या बाजूची दाढी करणं बंद झालं. डावा गाल गुळगुळीत, उजव्यावर बोटभर केस. लग्नकार्याला जायचो नाही. आमच्याकडचं भरीत म्हणजे जीव की प्राण, पण चावायला तोंड हलवलं की झटका, म्हणून दोन महिने वरण पिऊन काढले. हिरड्यांचं मलम झालं, दाताचं सिमेंट झालं. शेवटी ही अर्धी दाढी पाहूनच एका मेंदूच्या डॉक्टरांनी खुर्चीवर बसायच्या आत सांगितलं, ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. मेंदूतून चेहऱ्याकडे येणारी पाचवी नस. तिच्या तीन फांद्या: एक कपाळाकडे, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. माझी मधली.

कार्बामाझेपीन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी मी कूलरसमोर बसून चहा प्यालो. या गोळीवर झटके इतके पटकन दबतात की निदानाची खात्रीच पटते, असं डॉक्टर म्हणाले. पुढे डोस वाढत गेला तशी चक्कर यायला लागली, प्लॅटफॉर्मवर दारू प्यायल्यासारखा चालायचो. एमआरआयमध्ये नसेच्या मुळाला एक रक्तवाहिनी चिकटलेली दिसली. मुंबईत ऑपरेशन केलं. कानामागे कवटीला छोटी खिडकी पाडून वाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. चार वर्षं झाली, एकही झटका नाही. त्या कानाने थोडं कमी ऐकू येतं, बायको म्हणते ते आधीपासूनच.

नंदुरबार, मुलगा लिहितो

माझी आई मिरचीचे देठ खुडायला जायची. खळ्यात लाल मिरची पसरलेली, ठसका, नाकाडोळ्यांतून पाणी, त्यामुळे ती मध्येच गालाला हात लावून थांबते याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. विचारलं तर म्हणायची, "काय सांगू रे भाऊ, तोंडमा ईज चमकस." शेजारच्या काकू सांगायच्या, "दाढ उपडी टाक ना व माय, काय जपी ठेवेल शे?" तिने आठवडे बाजारात एका बाईकडून कानात नळी घालून दातातली कीडसुद्धा काढून घेतली. पानावर पांढऱ्या बारीक अळ्या दाखवल्या तिने. आईचा विश्वास बसला, मीही पाहत होतो, मलाही क्षणभर खरं वाटलं. (दातात अळी नसते, आणि कानातून दाताकडे जायला वाट नाही. हे मला नंतर एका डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं.)

कानबाईच्या सणाला आई रात्रभर गाणी म्हणायची, गल्लीतल्या बायका तिच्यामागे म्हणायच्या. त्या श्रावणात ती भिंतीला टेकून गप्प बसली. बोललं की वीज चमकायची, म्हणून घरातही हाताने खुणा करायची. तेव्हा मी तिला सुरतेला घेऊन गेलो. दुखणं भुसावळच्या काकांचंच निघालं, गोळीही तीच. पण आईला पंधरा दिवसांनी गुंगी, उलट्या. एकदा तर मला ओळखायला वेळ लागला. रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं. गोळी बदलली. म्हणून सांगतो, ही गोळी चालू असताना रक्त तपासायला सांगितलं असेल तर टाळू नका. अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. आणि बरं वाटलं म्हणून मनाने गोळी एकदम सोडू नका. आई यंदा गायली, पण बसून, आणि थोडंच.

चोपडा, दातांचा डॉक्टर

नाव देत नाही, कारण कबुली द्यायची आहे. मी पंधरा वर्षांपूर्वी एका बाईंच्या चांगल्या दाढा काढल्या आहेत. त्या हात जोडून 'काढा' म्हणत होत्या, बाहेर रांग होती, आणि मलाही वाटलं की एक्स-रेत न दिसणारी चीर असेल. त्या पुन्हा आल्या तेव्हा मी ओशाळून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं.

आता मी काय पाहतो ते लिहितो. थंड पाण्याने कळ आली आणि पाणी गेल्यावरही बराच वेळ टिकली, रात्री झोपमोड झाली, तर दुखणं बहुधा दाताच्या नसेत असतं. ते दातांचंच काम. चावताना किंवा चावा सोडताना एकाच जागी सणक येत असेल तर चिरलेला दात शोधतो. वाकलं की वरच्या चार-पाच दाढा एकत्र जड होत असतील तर सायनसचा विचार करतो. स्पर्शाने, वाऱ्याने, ब्रशने विजेचा झटका येत असेल तर माझी खुर्ची ही त्याची जागाच नव्हे.

आणि यातलं काहीच जुळत नसेल, रोज दोन तासांपेक्षा जास्त, तीन महिन्यांहून अधिक काळ नुसता ठणका असेल, तपासण्या स्वच्छ असतील, तर चेहऱ्याच्या आणि तोंडाच्या दुखण्यांचं २०२० साली निघालेलं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आहे, त्यात या दुखण्याला स्वतंत्र जागा आहे. जुन्या पुस्तकांत याला अटिपिकल फेशियल पेन म्हणत. कारण सापडत नाही याचा अर्थ दुखणं नाही असा नसतो. नसा आणि मेंदू यांची खबर द्यायची पद्धतच बिघडते. कधी कधी एखाद्या रूट कॅनालनंतर किंवा दात काढल्यानंतर हे सुरू झालेलं असतं. अशा माणसाचा आणखी एक दात काढणं म्हणजे आगीत तेल. पेशंट जितका हट्ट करतो, तितका मी आता उशीर करतो. काही पेशंट चिडून दुसरीकडे जातात आणि काढून येतात. हे थांबवता येत नाही मला.

साक्री, सून

वरचं सगळं वाचून कुणी निर्धास्त होऊ नये म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई तीस वर्षं मिसरी लावायच्या. गाल दुखतो, कान दुखतो म्हणत होत्या. एका ठिकाणी नसेचं दुखणं म्हणून गोळ्या दिल्या, दोन महिने खाल्ल्या. तोंड पूर्ण उघडून बॅटरीने कुणी पाहिलं नव्हतं, कारण तोंड पूर्ण उघडतच नव्हतं. शेवटच्या दाढेमागे जखम निघाली. पुढचं लिहीत नाही. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तोंड उघडणं कमी झालं, गाल किंवा ओठ बधिर झाला, तर आधी जखम तपासून घ्या. नसेचं निदान नंतर.

जळगाव, स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, वय २६

माझं दुखणं इथल्यांच्या मानाने किरकोळ, पण आठ महिने गेले. सकाळी उठलं की कानशिलं आणि खालच्या दाढा आंबलेल्या. कळण्याची भाकरी चावताना कानापाशी कट्ट आवाज. रूममेट म्हणाली, तू रात्री दात खातेस. गंमत म्हणजे दिवसाही खात होते. अभ्यासिकेत बसले की जबडा आवळलेला असायचा आणि मला पत्ताच नसायचा. एका मॅडमनी सांगितलं, तोंड मिटलेलं असताना ओठ टेकलेले हवेत, दात नव्हेत. मी पुस्तकावर, पेनवर, पाण्याच्या बाटलीवर हिरवी टिकली चिकटवली. टिकली दिसली की दात सोडायचे. रात्री दातांवर चढवायची प्लास्टिकची पट्टी. दुखणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं निकालाच्या तारखेवर अवलंबून आहे.

पाचोरा, किराणा दुकान

थोडक्यात लिहितो. पोतं उचललं की डावीकडचा खालचा जबडा दुखायचा, खाली ठेवलं की थांबायचा. मी दातवाल्याकडे दोनदा गेलो. त्यानेच ईसीजी काढायला पाठवलं. दुखणं हृदयाचं निघालं, स्टेंट बसवला.

अमळनेर, पुन्हा मी

गोळीचं विचारलंय बऱ्याच जणांनी. मला अमिट्रिप्टिलिन आहे, रात्री झोपण्याआधी, अगदी छोटी. मेडिकलवाल्याने पाकीट हातात देताना आवाज बारीक करून विचारलं, "मॅडम, टेन्शन आहे का काही?" दुकानात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील उभे होते. दोन दिवसांनी स्टाफरूममध्ये मला सगळे फार हळुवार बोलायला लागले. ही गोळी मूळची नैराश्याची आहे, खरं आहे. पण नसांच्या दुखण्याला ती त्याहून बऱ्याच कमी डोसमध्ये देतात, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. मी दहाव्या दिवशी सोडून दिली होती. तोंडाला कोरड, पहिल्या तासाला वर्गात पेंग. पुन्हा सुरू केली, तेव्हा रात्रीची वेळ थोडी आधी आणली.

ठणका गेला नाही. पूर्वी दहापैकी सात होता, आता तीन-चार. सातला शिकवता येत नव्हतं, चारला येतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते, झोक्यावर बसले, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की आपण दाताचा विचार केलेला नाही. लक्षात आलं तसा तो लगेच परत आला, लबाड.

घरच्यांबद्दल एक. माझे मिस्टर पाच वर्षं रोज विचारायचे, "आज कसं आहे?" प्रेमानेच. पण रोज उत्तर देण्यासाठी मला रोज तिथे जाऊन बघावं लागायचं. आता ते विचारत नाहीत. मी ताटात शेवभाजीची वाटी पुढे ओढली की ते काय ते समजतात.

धरणगाव, गृहिणी, वय ३८

काल रात्री दोनपर्यंत वाचत बसले. आज अकरा वाजता दाढ काढायची वेळ घेतलेली होती. सकाळी फोन करून पुढची तारीख मागितली. कंपाउंडर म्हणाला, घाबरलात का ताई? मी हो म्हटलं, सोपं पडलं. खरं तर मला दुखतं ते वरची दाढ की खालची, हेच नक्की सांगता येत नाही, आणि चार महिन्यांत मी दरवेळी अंदाजाने वरची सांगत आलेय. थंड पाण्याचं मी कधी बघितलंच नव्हतं. आता माठातलं पाणी घेऊन बसलेय. आधी डावीकडून घोट घेते, मग उजवीकडून.