तज्ज्ञ हवेत, पण गावाला विचारून

एकाने लिहिलंय की कारभार सरळ तज्ज्ञांच्या हाती द्या, निवडून आलेल्यांना काय कळतं. अर्धं पटतं मला. पण आमच्या गोव्यातली खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती बघा, बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेची, लाकडी दारं भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी रेटून उघडतात, ना वीज ना मोटार, आणि हे सगळं शेकडो वर्षं गावकरी या जुन्या ग्रामसंस्थेच्या लोकांनी सांभाळलं, डिग्री नसताना. ते तज्ज्ञ नव्हेत? आमच्याकडे एक दार कुजलं, कळवूनही दोन पावसाळे गेले, खारं पाणी शिरून भात करपलं. ऑफिसात बसलेल्या इंजिनीयरला ते कागदावर दिसलंच नाही.

कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणारा गोव्याचा २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून २००७मध्ये मागे घ्यायला लावला ना? पुढे २०२१पर्यंतच्या आराखड्यासाठी नेमलेल्या टास्क फोर्समध्ये चार्ल्स कोरियांसारखा आर्किटेक्ट होता, तरी नकाशे पंचायतींकडे मत घ्यायला गेले, तेच बरोबर होतं. धरण, पूल, रोगराई यात तज्ज्ञाचंच ऐकावं, पण कुठली जमीन बांधकामाला द्यायची हे त्याने एकट्याने ठरवू नये, ते ग्रामसभेत त्याने लोकांसमोर उभं राहून समजावून सांगावं, आमच्या भाषेत.