मदत हवी आहे: शाळेतलं प्रवाळ नेमकं कोणतं?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात विज्ञान शिकवतो. शाळेच्या कपाटात मुठीएवढा जुना प्रवाळाचा सांगाडा मिळाला; कुठून आला, नोंद नाही. वणीकडची चुनखडी पाहिलेल्या पोट्ट्यांना तो साधा दगडच वाटला. व्हिनेगरच्या थेंबाने फसफसला, पण चुनखडीही फसफसतेच.

त्यावरची घरं (प्रवाळाचा एकेक जीव बसायचा ते खळगे) प्रत्यक्षात सेंटिमीटरभर रुंद आहेत. दहापट भिंगातून आत मध्याकडे झुकलेल्या बारीक पाती दिसतात, अगदी भेंडीच्या चकतीसारख्या. पोराइटिस हा प्रवाळाचा प्रकार नाही, त्याची घरं जेमतेम दीड मिलिमीटरची. फॅविया या प्रकारात प्रत्येक घराला स्वतंत्र भिंत असते. इथे शेजाऱ्यांत एकच. उरतात फॅवाइटिस आणि गोनिअ‍ॅस्ट्रिया हे दोन प्रकार.

सूक्ष्मदर्शक नाही. तुकडा तोडणार नाही, दुसरा नमुनाही आणणार नाही. दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे कडक संरक्षणाखाली आहेत.

नुसत्या भिंगाने या दोघांतला फरक ओळखायला घराच्या मध्याजवळ काय बघू?