सल्ला हवा: मलावी सिक्लिडसाठी (आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले मासे) वाळू कोणती, झाडं कोणती?

नवी_टाकी: टाकी ४ × १.५ × १.५ फूट, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा). येलो लॅब आणि रस्टी या मलावी सिक्लिडच्या जाती सोडायच्या आहेत. पाणी पुण्याच्या नळाचं, केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेट कडकपणा) ३. दुकानदार ॲक्वासॉइल (झाडांसाठीची गोळ्यांच्या रूपातली माती) घ्या म्हणतो. झाडं हवीच आहेत.

कातळ: ॲक्वासॉइल अजिबात नको. ती केएच शोषून पीएच ७ च्या खाली आणते. मलावी तळ्याचं पाणी ७.७ ते ८.६ असतं. शिवाय हे मासे सतत उकरणारे, त्या गोळ्यांचा चिखल करतील. पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू घ्या, ०.५ ते १ मिमी. बांधकामाची क्रश सँड नको. मासे वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून बाहेर टाकतात, धारदार कडा त्यांना इजा करतात. ४ सेंमी थराला साधारण ३५ किलो लागेल.

दगड आधी, थेट तळावर, खाली पातळ थर्माकोल. वाळू नंतर. वाळूवर दगड रचलेत तर मासे खालून उकरतात, रास घसरते आणि काच जाते. आपला काळा बेसॉल्ट पाण्यात काही सोडत नाही, बिनधास्त वापरा.

शिंपला: सिलिकाऐवजी कोरल सँड (प्रवाळाची चुनखडीयुक्त वाळू) घातली तर केएच आपोआप वाढेल ना?

कातळ: वाढेल, पण फार सावकाश. ४०% पाणी बदललं की मऊ पाण्याने केएच लगेच पडतो, कोरल तो भरून काढेपर्यंत दिवस जातात. त्यापेक्षा खाण्याचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे!): १०० लिटरला ३ ग्रॅम घातला की केएच १ ने वाढतो. म्हणजे ३ वरून ८ ला न्यायला १०० लिटरला १५ ग्रॅम. नव्या पाण्यात, टाकीबाहेर विरघळवूनच. कोरलची अर्धा किलोची पिशवी फिल्टरमध्ये राहू द्या, आधार म्हणून.

जावाफर्न: झाडांचं मी सांगते. अनुबियास आणि जावा फर्न दगडाला काळ्या दोऱ्याने बांधा किंवा सुपरग्लू जेलने चिकटवा. आडवं जाड खोड वाळूत पुरलंत की कुजतं. पानं चिवट असल्याने मासे सहसा नादी लागत नाहीत. दिवा ६-७ तासच, नाहीतर अनुबियासच्या पानांवर शेवाळ चढतं.

वाळूत लावायचं तर व्हॅलिसनेरिया. ती मलावीतही उगवते, कडक पाणी तिला मानवतं. मासे यायच्या महिनाभर आधी लावा, मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) द्या, भोवती गोटे दाबा.

नवी_टाकी: झाडांसाठी मिळतं ते लिक्विड कार्बन (कार्बन पुरवणारं द्रव) घालू का?

जावाफर्न: नको. त्यातल्या ग्लुटाराल्डिहाइडने व्हॅलिसनेरियाची पानं विरघळतात.