मदत हवी आहे: बाबांचा गाऊट (रक्तातलं युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याचा आजार). दुखणं थांबलं तरी गोळी चालूच ठेवायची का?

आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात राहतो. बाबा ६४ वर्षांचे. सगळं आयुष्य होडीवर गेलं, अजूनही पहाटे जेट्टीवर जातातच.

गेल्या श्रावणाआधी एका रात्री अडीच-तीनला ते विव्हळत उठले. उजव्या पायाचा अंगठा मुळाशी लालबुंद, हात लावला तर तापलेला. चादर नुसती टेकली तरी ओरडत होते. होडीत माशाचा काटा गेला असेल, असं त्यांना वाटलं. जवळच्या दवाखान्यातही तेच धरून अँटिबायोटिक दिलं. युरिक ॲसिड ६.४ आलं, म्हणजे नॉर्मल, म्हणून गाऊट नाही म्हणाले. आठवड्याभरात सूज उतरली, वरची कातडी सोलून निघाली, आणि आम्ही विसरलो.

दिवाळीनंतर पुन्हा तेच, या वेळी डावा घोटाही. वाशीच्या संधिवाततज्ज्ञांनी सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासलं, त्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक दिसले, म्हणजे गाऊटच. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मल दिसू शकतं, २ ते ४ आठवड्यांनी परत बघायचं असतं, हे तेव्हा कळलं. परत केलं तर ८.९. पहिल्याच वेळी कुणी हे सांगितलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

आता युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल १०० आणि सोबत झटका टाळायला कोल्चिसिन चालू केलंय. तिसऱ्या आठवड्यात अंगठा परत ठणकला आणि बाबांनी दोन्ही गोळ्या सोडल्या. 'गोळीनंच झालं' म्हणतात. मी त्यांना काय सांगू? आणि मासे? सगळे बंद केले तर ते जेवायलाच बसणार नाहीत. ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी कृपया लिहा.

मिठागर (ठाणे): ताई, मला हा त्रास ११ वर्षं आहे. मीही पहिल्या वर्षी गोळी सोडली होती आणि पस्तावलो. बाबांना मिठागराचं उदाहरण द्या. पाण्यात मावेनासं झालं की मीठ धरतं, तसं रक्तात युरिक ॲसिड साधारण ६.८च्या वर गेलं की सांध्यात स्फटिक धरू लागतात. पाय शरीराचा थंड भाग, म्हणून अंगठ्यापासून सुरुवात. गोळीने पातळी उतरली की जुने स्फटिक विरघळायला लागतात आणि तेव्हा सांधा चिडतो. सुरुवातीचे काही महिने हे होतं, कोल्चिसिन त्यासाठीच देतात. म्हणजे गोळीचा आणि दुखण्याचा संबंध आहे, पण बाबा समजतात तसा नाही. पातळी ६च्या खाली आणून तिथेच ठेवायची असते, त्यासाठी डॉक्टर डोस हळूहळू वाढवतील. सोडली की परत साठतं, पुढे कानाच्या पाळीवर, बोटांवर गाठी येतात. एकच गोष्ट लक्षात ठेवा: अंगावर पुरळ आलं तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.

नेरूळची सून: बाबांना बीपीची गोळी आहे का? तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर युरिक ॲसिड वाढतं. स्वतःहून बंद करू नका, स्ट्रिप घेऊन जा. आमच्या सासऱ्यांची बदलून दिली. किडनीचा रिपोर्टही दाखवा, आणि दुखतंय म्हणून दुकानातून कसलीही पेनकिलर आणू नका. माशांत तारली, मांदेली, बांगडा, शिंपल्या, कोळंबी यांच्यात प्युरिन (ज्याचं शरीरात युरिक ॲसिड बनतं) जास्त, म्हणून त्रास होतो. सुकट आणि सुका जवळा तर वाळवलेलेच, त्यामुळे वजनाच्या मानाने आणखी जास्त. कालवणाच्या रश्शातही प्युरिन उतरतं, म्हणून रस्सा ओरपण्यापेक्षा एखादा तुकडा बरा. बिअर आणि गोड सरबतं मात्र खरंच बंद करा. डाळी सोडायची गरज नाही, आमच्याकडे उगाच दोन वर्षं तूरडाळ बंद होती.

मूळ लेखिका: दोघांचेही मनापासून आभार. बीपीची स्ट्रिप आत्ताच पाहिली, तिच्यावर हायड्रोक्लोरोथायाझाइड लिहिलंय! सोमवारी वाशीला जाताना घेऊन जाते. मिठागराचं ऐकून बाबा बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, 'मग परत कधीपासून घ्यायची?' डोस तोच ठेवायचा की नव्याने सुरुवात करायची, ते डॉक्टरांनाच विचारते. अजून एक: होडीवर घालायला, अंगठा न दाबणारी, ओली चालणारी चप्पल बेलापूर-नेरूळ बाजूला कुणाला मिळाली असेल तर सांगा. जुनी घातली की त्यांना चालवत नाही.