चिमट्याचा प्रयोग : व्यायामानंतर आकडा वाढतोय, असं कसं?

प्रश्न (अकरावी सायन्स, राजारामपुरी)
बायोलॉजीच्या प्रोजेक्टला सोपा प्रयोग घेतलाय. कपडे वाळत घालायचा चिमटा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, मिनिटभरात किती वेळा पूर्ण उघडतो ते मोजायचं. मग बैठका मारायच्या आणि लगेच परत मोजायचं. आकडा घटणार असं आधीच लिहून ठेवलंय, पण निम्म्या पोरांचा वाढलाय. मॅडमना काय सांगू?

उत्तर (गंगावेस)
भावा, बैठका पायाच्या. हाताला काय झालंय दमायला? जोर मारायला लाव, नाहीतर तालमीत आणून दोरावर चढव. मग बघ चिमटा कसा उघडतोय ते.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, ताराबाई पार्क)
वरचे दादा बरोबर बोलले, पण आकडे खोडू नकोस बाळा. तेच तर प्रोजेक्ट आहे. अंग तापलं की स्नायू चपळ होतात, शिवाय दुसऱ्या खेपेला चिमट्याची सवयही झालेली असते. म्हणून निम्म्या मुलांना व्यायामाऐवजी नुसतं बसवून ठेव आणि तेवढ्याच वेळाने परत मोज. त्यांचाही आकडा वाढला तर ती सवय, व्यायाम नव्हे.

चिमटा दाबताना अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हाताने चाचपून बघ, टणक लागतो. मग कोपराखालचा हात चाचप. बोटं वाकवणारे मोठे स्नायू तिथे आहेत. दमवायचे आहेत ते हे. दमवल्यावर मात्र गप्पा मारत बसू नका, पहिल्या अर्ध्या मिनिटातच बरीच ताकद परत येते. आणि एकूण आकड्याऐवजी दर १५ सेकंदांचा आकडा लिही, उतार तिथेच दिसेल.

'लॅक्टिक अ‍ॅसिडमुळे दमतो' असं ठोकून देऊ नकोस. हल्ली स्नायूत साचणारं फॉस्फेट आणि कमी सुटणारं कॅल्शियम यांना जास्त महत्त्व देतात. इटलीचे शरीरशास्त्रज्ञ मोस्सो यांनी एका बोटाने वजन उचलायला लावून थकवा मोजला होता. त्यांच्या १८९१ च्या पुस्तकात, तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोट लवकर थकल्याची नोंद आहे. म्हणजे युनिट टेस्टच्या दिवशी प्रयोग नको!

उत्तर (करवीर तालुका)
आमच्यात रोज हातानं म्हशींची धार काढतात. असला एखादा गडी घेतलास तर तुझ्या सगळ्या पोरांना मागं टाकंल, म्हणून त्याची तुलना त्याच्याशीच कर. आणि सगळ्यांना चिमटा एकच दे. ढिल्या स्प्रिंगचा असंल तर आमची आजीबी पहिली येईल.