संवाद नसले तरी काम सोपं नाही
'शॉन द शीप' ही शॉन नावाच्या मेंढ्याची मालिका बाहुल्या जराशा हलवून, दर वेळी फोटो काढून बनवतात. तिच्यात संवाद नाहीत, म्हणजे बाहुल्यांचे ओठ शब्दांशी जुळवायची कटकट वाचली, असं काही जण म्हणतात. मला पटलं नाही. उलट सगळा भार डोळ्यांवर येतो. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओच्या या बाहुल्यांचे डोळे म्हणजे मणी. बुबुळाच्या मधोमध बारीक छिद्र, त्यात टाचणी घालून मणी केसभर फिरवायचा, मग फोटो. दोन्ही सारखे फिरले नाहीत तर बिचारा शॉन विचारात पडलेला न दिसता तिरळा दिसतो!

शिवाय लोकर. बोट लागलं की तंतू हलतात आणि पडद्यावर अंग उगाच वळवळतं. 7 मिनिटांचा भाग, सेकंदाला 25 फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं), म्हणजे 10,500 फ्रेम. एकेक पोझ दोन फ्रेम धरली तरी 5,250 वेळा हे सांभाळायचं.